सात ठिकाणी फाटलेला झगा

४ सप्टेंबर

आदरणीय आजोबा,
सादर नमस्कार.

आपली भेट झालेली नाही. लग्नाला तुम्ही येऊ शकला नाहीत, आणि नंतरच्या दोन वर्षांत टिटवीला तुमच्याकडे सोडायला-आणायला तिचे बाबाच आले. मी त्यांची दुसरी बायको. असं लिहिताना विचित्र वाटतं, पण त्याशिवाय कोण लिहितंय हे तुम्हाला कळणार कसं. पत्र अशासाठी, की तुम्ही फोन उचलत नाही. चार दिवस वेगवेगळ्या वेळी करून पाहिला.

टिटवी ऑक्टोबरच्या सुट्टीत नेहमीप्रमाणे आठ दिवस तुमच्याकडे येईल. त्याच आठवड्यात तुमच्या गावात व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचं मोठं संमेलन आहे. प्रदर्शनाच्या त्या मोठ्या हॉलमध्ये. हजारो लोक येतात, त्यातले निम्मे आपापल्या गेममधल्या पात्राचा पोशाख करून. टिटवी गेलं वर्षभर एकच गेम खेळते आहे. त्यात एक वाटसरू असतो. त्याला डोंगरातल्या सात खिंडी पार करायच्या असतात. टिटवीने सातही केल्या. अकरा वर्षांच्या मुलीला हे जमणं अवघड असतं म्हणे. मला पहिल्या खिंडीत तीनदा मरण आलं, मग मी नाद सोडला.

शनिवारची दोन तिकिटं काढली आहेत. तुम्ही तिला घेऊन जाल का? हे पवनचक्क्यांच्या दुरुस्तीला तीन-तीन आठवडे बाहेर असतात, आणि मला दवाखान्यातून रजा मिळत नाही. मी एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना श्वास रोखा म्हणायचं आणि मग सोडा म्हणायचं, एवढंच माझं लोकांशी बोलणं. घरी आल्यावर टिटवी आणि मी टीव्ही लावून जेवतो.

तुमचं उत्तर आलं की तिला सांगेन.

आपली,
(इथे काय लिहावं हे मला ठरवता येत नाही)


११ सप्टेंबर

टिटवीच्या घरच्या बाईंस,
नमस्कार.

पत्र मिळालं. सहीच्या जागी तुम्ही अडखळलात, तसा मी मायन्यात अडखळलो, म्हणजे फिटंफाट झाली. हा मायना आवडला नाही तर कळवा, दुसरा शोधू.

फोनचं म्हणाल तर तो वाजतो कमी आणि खरखरतो जास्त. दुरुस्तीला टाकायचा राहतोय. मी पत्रातच बरा.

मी तिला नेणार म्हणजे नेणार. व्हिडिओ गेममधलं मला ओ की ठो कळत नाही, पण तिचं बोट धरायला कळतं. तुम्हाला जावईबापूंनी सांगितलं असेलच, मी रफूगार. एका लाँड्रीच्या दुकानात खिडकीपाशी माझं टेबल आहे. कोटाला सिगारेटचं भोक पडलं, शालीला कसर लागली, की लाँड्रीवाला तो कपडा माझ्यापुढे आणून टाकतो आणि टेबलावर दोनदा टकटक करतो. पूर्वी दिवसाला दहा नग यायचे. आता लोक फाटलं की फेकतात. परवा आख्ख्या दिवसात एक मोजा आला, तोही लाँड्रीवाल्याचाच होता, आणि मला वाटतं त्याने दयेपोटी स्वतःच फाडला होता.

वर्षाचे तीनशे सत्तावन्न दिवस मी लोकांची भोकं बुजवतो आणि उरलेले आठ दिवस आजोबा असतो. माझी मुलगी गेल्यापासून माझ्याकडे तेवढेच आहेत. मागच्या वर्षी टिटवीला न्यायला आले तेव्हा जावईबापू दारात थांबून म्हणाले, ‘बाबा, तुम्हाला आता झेपत नसेल तर मोकळेपणाने सांगा.’ बोलले चांगुलपणाने. पण मी त्यानंतर महिनाभर नीट झोपलो नाही. मला झेपतं. हे तुम्हीही त्यांच्या कानावर घालाल तर बरं होईल.

तुमचा,
टिटवीचा आजोबा


२ ऑक्टोबर

आदरणीय आजोबा,

मायना चालेल. खरं तर आवडला.

सोबत पार्सल पाठवते आहे. टिटवीच्या बॅगेत चुरगळेल म्हणून आधीच पाठवलं. त्यात वाटसरूचा झगा आहे, खांद्यांवरून घोट्यापर्यंत येणारा, राखाडी. मी शिवला. याआधी मी उशीचे अभ्रेसुद्धा शिवले नव्हते. दवाखान्यातल्या एका आयाबाईंकडे मशीन आहे, त्यांच्याकडे महिनाभर संध्याकाळी जात होते. तुमच्यासारख्या माणसापुढे हे काम जाणार म्हणून काल रात्री सगळ्या शिवणी पुन्हा तपासल्या. टाके बघून हसू आलं तर टिटवीसमोर हसू नका. झगा नक्की कसा दिसायला हवा हे तिला माहीत आहे.

काही सूचना. हॉलमध्ये पाणी महाग आणि रांगा लांब, बाटली बरोबर ठेवा. प्रवेशाला हातात कागदी पट्टा बांधतात, त्यावर फोन नंबर लिहायचा असतो. माझा लिहा, ह्यांना पवनचक्कीवर रेंज नसते. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आत शिरल्याशिरल्या ठरवा. टिटवीला गर्दीची भीती वाटते, पण ती सांगत नाही. ती कुठलीच गोष्ट सांगत नाही, निदान मला तरी. ती मला हाकच मारत नाही, आजोबा. काही हवं असलं की माझ्यासमोर येऊन उभी राहते.

तुमच्या कानावर कशाला घातलं कुणास ठाऊक. लिहून झालंय, आता खोडत नाही.

आपली,
टिटवीच्या घरची बाई


९ ऑक्टोबर

टिटवीच्या घरच्या बाईंस,
नमस्कार.

पार्सल मिळालं. तुमच्या टाक्यांना मी अजिबात हसलो नाही. खांद्याची शिवण सरळ आहे, दुमड सारखी आहे, पहिल्या कामाला हे फार झालं. गळ्यापाशी दोरा जरा ओढला गेलाय, पण तो माझ्या गुरूंकडूनही ओढला जायचा.

आता एक गोष्ट विचारतो, रागावू नका. हा झगा कुणी फाडला? मी टेबलावर पसरला तर सात ठिकाणी फाटलेला. पाठीवर दोन, डाव्या बाजूला तीन, खाली घेराला दोन. एक तर हातभर. आणि हे घासून किंवा अडकून फाटलेलं नाही, पन्नास वर्षं हेच बघतोय, मला कळतं. कात्रीने सुरुवात केली आहे आणि पुढे हाताने ओढलंय. दोन ठिकाणी तर कडा जाळल्या आहेत. शाळेत तिला कुणी त्रास देतं का? तिने तो शाळेत नेला होता का? तुम्ही महिनाभर खपून शिवलंत आणि कुणी असं करावं, मला फार वाईट वाटलं. मुलीकडे थोडं लक्ष असू द्या. ती सांगत नाही म्हणता, तर न सांगता बघावं लागेल. माझी मुलगीही अशीच होती.

असो. काळजी करू नका, मी सगळं बुजवलं. तुमच्याच शिवणीच्या आतल्या दुमडीतून धागे काढले, म्हणजे रंगात केसाचा फरक नाही. जळलेल्या कडा आधी साफ केल्या. चार दिवस भिंग डोळ्याला लावून बसलो होतो. लाँड्रीवाला दोनदा येऊन बघून गेला. आता तुम्ही स्वतः आलात तरी कुठे फाटलं होतं ते दाखवू शकणार नाही. इतकं चांगलं काम माझ्या हातून बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

टिटवी परवा येते. खोलीत तिची खाट घातली.

तुमचा,
टिटवीचा आजोबा


२१ ऑक्टोबर

टिटवीच्या घरच्या बाईंस,

परवा टिटवीला गाडीत बसवलं, आता ती तुमच्याकडे पोचली असेल. खाट अजून काढलेली नाही.

आधी माफी मागतो, मग बाकीचं. तुम्हाला कळलंच असेल कशाची. शनिवारी सकाळी मी झगा तिच्यासमोर धरला आणि म्हणालो, बघ, शोधून दाखव. तिने उलटापालटा करून पाहिला. मग ‘छान’ म्हणाली आणि अंगात घातला. वाटेत मान खाली घालून चालली. मला वाटलं, गर्दीची भीती.

हॉलमध्ये शिरलो आणि समोरच तिच्या वाटसरूसारखे वीसेक जण उभे. लहान, मोठे, एक तर दाढीवाला. सगळ्यांचे झगे राखाडी आणि सगळ्यांचे फाटलेले. तेव्हा टिटवीने मला सांगितलं, की एक खिंड पार केली की झगा एका ठिकाणी फाटतो. ज्याचा धड, तो अजून घरातून निघालेलाच नाही. बाई, मी तिच्या सातही खिंडी पुसून टाकल्या. आणि वर तुम्हाला लक्ष द्या म्हणून शिकवलं. ते पत्र परत मागवता आलं असतं तर मी चालत येऊन घेऊन गेलो असतो. मला तुमच्यापुढे लाज वाटते.

पण तो दिवस वाया गेला नाही, तेही ऐका. गोंगाट असा होता, की सगळेच एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होते आणि हातवारे करत होते. मला फार बरं वाटलं. पडद्यांवर लढाया चाललेल्या, एका बाजूला धूर सोडत होते. आम्ही एका खांबाखालचं बाकडं ठरवलं. टिटवी म्हणाली, मी त्या कोपऱ्यातला गेम खेळून येते, तुम्ही हलू नका. मी नाही हललो.

पण माझ्यासमोरच एका मुलीच्या पाठीवरचे पंख खांद्यातून सुटले. ती रडकुंडीला आलेली. माझ्या कोटाच्या कॉलरला सुई असतेच. बसवली तिला आणि दिले शिवून. तिच्यामागे एक जण आला, त्याच्या चिलखताचा पट्टा तुटलेला. मग एकाची विजार उसवलेली, ती भलत्या जागी. हां हां म्हणता माझ्यापुढे रांग लागली. धिप्पाड सैनिक, राक्षस, एक मोठं अस्वल. माझी मान वर होईना. इतकी माणसं माझ्या हातापुढे शेवटची कधी उभी राहिली होती ते आठवत नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक, रांगेतून पुढच्याने पाऊल बाजूला घेतलं आणि समोर टिटवी. ती माझ्यासाठी रांगेत उभी राहिली होती. डोळे लाल होते, धुराने, म्हणाली. मी विचारलं, तुला काय शिवून देऊ? ती सावकाश म्हणाली, ‘फाडून द्या.’

रफू उसवत नाही, बाई. ते नव्याने फाडावं लागतं. मी ब्लेड काढलं, पण माझं रफू माझं मलाच सापडेना. तिने बोटाने एकेक जागा दाखवली, सातच्या सात, किती लांब आणि कुठे तिरकं तेही. आणि मी, उभ्या जन्मात ज्याने कपडा फाडला नाही, त्याने सात ठिकाणी फाडला. रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या. टिटवी नंतर त्या वीस जणांबरोबर फोटोत उभी राहिली.

एकूण सगळं व्यवस्थित पार पडलं. जावईबापूंना तसं सांगा. पुढच्या वर्षीही मी तिला नेईन.

तुमचा,
टिटवीचा आजोबा


२८ ऑक्टोबर

आदरणीय आजोबा,

तुमचं नऊ तारखेचं पत्र आलं तेव्हा टिटवी गाडीत बसलेली होती. मी त्याला उत्तर लिहिलं होतं, दीड पान, चांगलं झणझणीत. मग फाडलं. त्यातलं एकच वाक्य इथे लिहिते: ती सात भोकं मी पाडली होती. टिटवीला विचारून, तिच्या स्क्रीनवर मोजून, आयाबाईंच्या गॅसवर कडा जाळून. झगा पूर्ण झाला तेव्हा ती काही बोलली नाही. मला वाटलं, जमला नाही.

तुमची माफी पोचली. आता मीही काही सांगते. मला शनिवारी सुट्टीच असते. मी तीन तिकिटं काढायला निघाले होते, टिटवी म्हणाली, ‘दोनच काढ.’ म्हणून रजेचं खोटं लिहिलं.

दुसरी गोष्ट लिहू की नको असं आठवडाभर चाललंय. त्या शनिवारी टिटवी हरवली होती. गेम खेळून ती खांबाकडे परत आली तर बाकड्याभोवती ही गर्दी. तुम्ही तिला दिसलाच नाहीत. तिला वाटलं, तुम्ही निघून गेलात. तिच्या फोनची बॅटरी व्हिडिओ काढून संपली होती. ती चौकशीच्या टेबलापाशी गेली. तिथल्या मुलाने स्पीकरवरून तुम्हाला बोलावलं. चार वेळा, आजोबा. दर दहा मिनिटांनी.

मग त्याने पट्ट्यावरचा नंबर लावला. मी घरीच होते. त्याने तिला विचारलेलं मला ऐकू आलं, ‘हा कोणाचा नंबर?’ ती म्हणाली, ‘घरचा.’ फोन तिच्या हातात आल्यावर ती आधी रडली. मग म्हणाली, ‘त्याला सांग ना, ओरडू नको म्हणून. आजोबांना ऐकू येत नाही. अजिबातच येत नाही. कानातलं यंत्र ते नुसतं घालतात. मी बाबांना कधी सांगितलं नाही, तूपण सांगू नकोस, नाहीतर ते मला पाठवणार नाहीत.’

आम्ही खूप वेळ बोललो. तिने मला एवढी वाक्यं दोन वर्षांत मिळून सांगितली नव्हती. मी तिला म्हटलं, आता श्वास सोड आणि मला फक्त काय दिसतं ते सांग. तिने सांगितलं, खांबापाशी रांग आहे. कशाची? माहीत नाही. रांगेतून बाहेर येणारे लोक काय घेऊन येतात? काहीच नाही, ती म्हणाली, पण आत जाताना फाटलेले असतात आणि येताना धड. मी म्हटलं, मग त्या रांगेच्या टोकाला तुझे आजोबा आहेत. रांग मोडू नको, उभी राहा. तो मुलगा फोन घेऊन तिच्याबरोबर उभा राहिला. तिचा नंबर येईपर्यंत आम्ही बोलत होतो. पंखवाली कशी दिसते, अस्वलाला घाम कसा येत असेल, असलं.

आणि एक. तुम्ही लिहिलंत, तिला सातही जागा पाठ होत्या. मी भोकं पाडत होते तेव्हा ती टीव्ही बघत होती, असं मी समजत होते. ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते लिहीत नाही.

आता खरं विचारते. तुम्हाला काहीच ऐकू येत नाही का? हे पंधरा तारखेला घरी येतात. मी त्यांच्यापासून आजवर काही लपवलेलं नाही, आणि मुलगी हजारोंच्या गर्दीत हरवते हे लपवण्यासारखं नाही. पण मी सांगितलं तर टिटवी मला पुन्हा कधी काही सांगणार नाही. तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट आहे. मी काय करू, आजोबा?

आपली,
टिटवीच्या घरची बाई


४ नोव्हेंबर

मुली,

तुमचं पत्र मी दुकानाबाहेरच्या बाकड्यावर बसून वाचलं, मग टेबलापाशी येऊन पुन्हा वाचलं. चार वेळा बोलावलं म्हणता. मी त्या वेळी कुणाच्या तरी विजारीला टाके घालत होतो आणि खुशीत होतो.

होय, काहीच येत नाही. दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज आधी जातात. म्हणजे टिटवीचा सगळ्यात आधी गेला. जन्मली तेव्हा टिटवीसारखी ओरडायची म्हणून मीच हे नाव ठेवलं होतं. आता तिचे ओठ वाचतो. फोन दुरुस्तच आहे, तो माझ्यासाठी वाजत नाही इतकंच. लाँड्रीवाल्याला माहीत आहे, म्हणून ती टकटक. टेबल हललं की मला कळतं.

तिला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. मी समजत होतो, मी फसवतोय. ती माझ्यासाठी सावकाश बोलते, ते मला तिचं वळण वाटायचं. अकरा वर्षांची पोर माझं गुपित सांभाळत होती आणि त्यापायी ती त्या टेबलापाशी रडत उभी राहिली. तिच्यावर हे ओझं मी टाकलं. माझे आठ दिवस जाऊ नयेत म्हणून.

तुम्ही काहीही करू नका. मी जावईबापूंना आजच वेगळं पत्र टाकलं आहे, त्यांच्या कामाच्या पत्त्यावर. हॉलमधलं त्यात काही नाही. एवढंच लिहिलंय, की मला ऐकू येत नाही, दीड वर्षापासून, आणि मागच्या वर्षी झेपतं म्हणालो ते खोटं होतं. म्हणजे तिचा शब्द मोडला नाही, तुमचाही नाही. हॉलमधलं तुम्ही त्यांना कधी सांगायचं ते तुम्ही आणि टिटवी मिळून ठरवा. दोघींनी मिळून, हे महत्त्वाचं.

ते काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. आज खाट काढून ठेवली.

टिटवीचा आजोबा


२ डिसेंबर

आजोबा,

उशीर झाला. घरात बरंच बोलणं झालं.

ह्यांनी तुमचं पत्र मला वाचायला दिलं आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. नंतर टिटवीने आणि मी जेवताना त्यांना हॉलचं सगळं सांगितलं. आधी ठरवून, एक वाक्य तिने, एक मी. ते रागावले, मग त्यांनी तिला जवळ घेतलं, मग पुन्हा रागावले. तुमच्यावर राग नाही त्यांचा. पण त्यांनी ठरवलं ते मी बदलू शकले नाही, आणि खरं सांगायचं तर मी फार भांडलेही नाही. टिटवीला एकटीला आठ दिवस पाठवायचं नाही. मला हे लिहिताना बरं वाटत नाही.

टिटवी दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर निघाले तर दारात येऊन उभी राहिली. मी वाट पाहिली. ती म्हणाली, ‘तुला शनिवार-रविवार सुट्टी असते ना? मग तू चल.’

जानेवारीत दुसऱ्या शनिवारी आम्ही दोघी येतो. एक रात्र राहू. आठ दिवसांचे दोन झाले, हे मला कळतं. आणि मला आता ‘तुम्ही’ म्हणू नका. मुली म्हणून लिहिलंत आणि पुढे तुम्ही-तुम्ही, ते वाचताना ठेच लागते.

तुमची,
(आता इथे काहीही लिहिलं तरी चालेल)


२० जानेवारी

मुली,

तू म्हणायला सांगितलंस, म्हणतो. हात अजून अडखळतो, सवय होईल.

तुम्ही गेल्याला आठवडा झाला. लाँड्रीवाला तुझी अजून तारीफ करतो; म्हणजे तोंड हलवतो आणि अंगठा दाखवतो, मी तारीफ समजतो. कपाटाच्या वरच्या फळीवर तू पुसून ठेवलेल्या बरण्या मी तशाच ठेवल्या आहेत. माझ्या मुलीच्या फोटोसमोर तू बराच वेळ उभी होतीस, ते मी पाहिलं. तू आलीस हे बरं केलंस.

एक सांगायचं आहे. रविवारी दुपारी तुम्ही दोघी खिडकीत बसला होता, पाय वर घेऊन. मी टेबलापाशी एका शालीचं काम करत होतो. टिटवी माझ्याशी बोलते तेव्हा तोंड माझ्याकडे करते आणि एकेक शब्द ठेवते. तुझ्याशी ती तशी बोलत नाही. भरभर बोलते, अर्धं बोलते, तोंडावर हात घेते, मध्येच मान फिरवते. मला एकही शब्द वाचता येईना. मग तुम्ही हसायला लागलात. बराच वेळ. तू तर भिंतीला डोकं टेकलंस आणि डोळे पुसलेस. तिला मी असं हसताना पाच वर्षांत पाहिलेलं नाही. तिची आई होती तेव्हा पाहिलं होतं.

सुई हातात धरून मी बघत राहिलो. फार बरं वाटलं, आणि फार एकटं वाटलं. दोन्ही खरं आहे, त्यातलं एकच लिहिलं तर पुन्हा खोटं बोलल्यासारखं होईल. मी विचारलं नाही. बहिऱ्या माणसाने काय झालं म्हणून विचारलं, की लोक हसणं थांबवतात आणि ‘काही नाही’ म्हणतात. मला ते थांबवायचं नव्हतं.

पण तुम्ही गेल्यापासून तेच डोक्यात आहे. त्या दुपारी तुम्ही दोघी कशाला हसत होता, तेवढं मला लिहून कळव.

टिटवीचा आजोबा